पंचवीस किलोची रेघ

१८ जुलै २०२२ या तारखेनंतर देशभरच्या बाजारात तांदळाचे कट्टे जड होऊ लागले. कालपर्यंत २५ किलोचा असलेला कट्टा कुठे २६ किलोचा झाला, कुठे ३० किलोचा. वाण तेच, गिरणी तीच, गिऱ्हाईकही तेच. बदलला होता जीएसटीचा एक नियम. आधीच भरून, शिवून, लेबल लावून ठेवलेलं धान्य २५ किलोपर्यंतच्या पाकिटात असेल तर ५ टक्के कर. त्याहून मोठ्या पाकिटात असेल तर शून्य.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात, पण इथला लहान कारखाना म्हटला की आधी राईस मिल आठवते. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडली की देसाईगंज, आरमोरी, हा सगळा धानाचा पट्टा. इथल्या मिलवाल्याने तेव्हा कागदावर केला असेल तो हिशेब सोपा आहे. तांदूळ ४० रुपये किलो मानू. २५ किलोचा कट्टा हजार रुपयांचा, वर ५० रुपये कर, म्हणजे १,०५०. आणि २६ किलोचा? १,०४०. एक किलो तांदूळ जास्त देऊनही गिऱ्हाइकाला दहा रुपये कमी पडतात. हे कळायला सीए लागत नाही.

खरं तर वजनाची ही रेघ दुसरी. पहिली रेघ नावाची होती. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा पाकीटबंद तांदळावर कर होता, पण ज्याच्या ब्रँडची नोंदणी झालेली आहे त्याच्यावरच. झालं असं की बरेच जण ब्रँडची नोंदणी सोडायला लागले. मग सप्टेंबर २०१७मध्ये सरकारने नियम घट्ट केला. १५ मे २०१७ला ज्याचं नाव नोंदलेलं होतं त्याने ते पुढे रद्द केलं तरी कर द्यायचा. ज्याची नोंदणी नाही, पण नावावर कायद्याने हक्क सांगता येतो, त्याने तो हक्क सोडल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि तसं पाकिटावर न पुसणाऱ्या शाईत इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापायचं. या नावावर माझा हक्क नाही, असं आपल्याच मालावर छापा म्हणणारा हा नियम करव्यवस्थेच्या इतिहासात जपून ठेवावा असा आहे. याच पट्ट्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 'एचएमटी' हे धानाचं वाण निवडून वाढवलं आणि ते नाव देशभरच्या कट्ट्यांवर गेलं. ते वाणाचं नाव, कुणा एकाचा ब्रँड नव्हे, म्हणून त्या नावाने कर ओढवत नव्हता. ज्याने स्वतःचं नाव बाजारात उभं केलं, त्याच्यावर मात्र कर.

आता मुद्द्याकडे येऊ. ३० किलोच्या कट्ट्यात तांदूळ विकणारा मिलवाला करातून सुटला का? वरवर पाहता हो. पण जीएसटीची रचना अशी आहे की त्यात 'सुटणं' फुकट मिळत नाही.

कारखानदार माल विकताना गिऱ्हाइकाकडून कर घेतो. सरकारला भरताना मात्र स्वतः कच्चा माल, यंत्रं, सेवा घेताना दिलेला कर त्यातून वजा करतो. या वजावटीला सगळे 'क्रेडिट' म्हणतात. शंभराची वस्तू घेऊन तिची दीडशेची केली, तर कर पन्नासावरच पडावा, हा त्यामागचा विचार, आणि विचार म्हणून तो चांगलाच आहे. अट एकच: विक्रीवर कर असेल तरच खरेदीवरचं क्रेडिट. विक्री करमुक्त असेल तर खरेदीत दिलेला कर परत मिळत नाही, तो खर्चात मुरतो. करपात्र आणि करमुक्त अशा दोन्ही विक्री असतील तर क्रेडिट त्या प्रमाणात कापलं जातं.

तांदळावर कर आला त्याच दिवशी, १८ जुलै २०२२लाच, धान्य साफ करणाऱ्या, निवडणाऱ्या आणि गिरणीत लागणाऱ्या यंत्रांवरचा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. या बातमीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. वर्तमानपत्रांत दही आणि पीठ होतं. पण काळा, पिवळा दाणा उडवणारं सॉर्टेक्स बसवल्याशिवाय आज तांदळाला चांगला भाव येत नाही. असं मशीन ३० लाखांचं धरलं तर त्यावरचा कर दीड लाखावरून ५ लाख ४० हजारांवर गेला. ज्याचा सगळा तांदूळ मोठ्या कट्ट्यातून करमुक्त जातो, त्याला यातला एक रुपयाही परत नाही. विजेवर जीएसटी नाही आणि डिझेल तर त्याच्या बाहेरच आहे, त्यांवरच्या करांची वजावट मिळण्याचा प्रश्नच नाही. आणि गिरणीचा मोठा खर्च विजेचाच.

याच मिलमध्ये दुसरंही एक काम चालतं. आदिवासी विकास महामंडळाने आधारभूत किमतीला घेतलेल्या धानाची भरडाई. धान सरकारचं, तांदूळ सरकारचा, मिलवाल्याला मिळते ती भरडाईची मजुरी. रेशनसाठीच्या अशा भरडाईवर कर आहे का, याचं उत्तर जून २०२१च्या एका परिपत्रकाने दिलं. एकूण मोबदल्यात मिलवाल्याने घातलेल्या मालाचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत असेल तर कर नाही, जास्त असेल तर ५ टक्के. म्हणजे एकाच छपराखाली तीन प्रकारचा तांदूळ: कराचा, बिनकराचा आणि भरडाईचा. तिघांची वही वेगळी ठेवावी लागते, आणि ती ठेवणारा मुनीम आता मुनीम राहत नाही; महिन्याला फी घेणारा कर सल्लागार लागतो.

जीएसटीच्या आधी लहान कारखानदाराचं बरं होतं का? काही बाबतींत नक्कीच नव्हतं. राज्याबाहेरून यंत्र आणलं तर केंद्रीय विक्रीकर बसे आणि तो कुठेच वळता होत नसे. सवलतीच्या २ टक्के दरासाठी 'सी फॉर्म' लागे आणि तो मिळवताना नाकी नऊ येत. अबकारी कर दिला तर तोही व्हॅटमधून वजा होत नसे. राज्यांच्या सीमेवर नाक्यांपुढे ट्रकांची रांग असे, शहरांत जकात किंवा स्थानिक संस्था कर (एलबीटी). हे सगळं गेलं. राजकोटहून किंवा कोईमतूरहून आलेल्या यंत्रावरचा संपूर्ण कर, माल करपात्र असेल तर, आज वळता होतो. ज्याची उलाढाल काही कोटींची आहे, हिशेब नीट आहे आणि गिऱ्हाईक कंपन्या आहेत, अशा चंद्रपूर किंवा ताडाळी एमआयडीसीतल्या कारखानदाराला जीएसटी फायद्याचाच ठरला. हे मान्य न करणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण त्याच्या खालच्या पायरीवरच्या माणसाचं एक संरक्षण गेलं, आणि त्याची चर्चा कमी झाली. केंद्रीय अबकारी करात लघुउद्योगाला वर्षाला दीड कोटी रुपयांच्या मालापर्यंत पूर्ण माफी होती. व्हॅटची नोंदणी महाराष्ट्रात १० लाखांपासून लागे, पण व्हॅट हा एकच कर भरावा लागे. जीएसटीत केंद्र आणि राज्य दोघांचा कर एकत्र आला आणि सुरुवातीला नोंदणीची मर्यादा २० लाखांवर ठेवली गेली. २० लाख ते दीड कोटी या पट्ट्यातला उत्पादक, म्हणजे जिल्ह्यातला नेहमीचा लहान कारखानदार, एका झटक्यात दोन्ही करांखाली आला. पुढे १ एप्रिल २०१९पासून मालाच्या व्यवहारासाठी मर्यादा ४० लाख झाली आणि 'कंपोझिशन' योजनेची मर्यादा दीड कोटी. त्या योजनेत उत्पादकाने उलाढालीवर १ टक्का भरायचा, पण गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही आणि क्रेडिट विसरायचं.

मर्यादेखाली राहणं हीही एक सूट आहे, आणि तिचीही किंमत आहे. पहिल्या साडेतीन महिन्यांत ती फार उघडपणे दिसली. बिननोंदणीच्या माणसाकडून माल घेतला तर त्याच्या वतीने कर खरेदीदाराने भरायचा, असा नियम तेव्हा लागू होता. मोठ्या खरेदीदारांनी सरळ लहानांकडून माल घेणं थांबवायला सुरुवात केली. १३ ऑक्टोबर २०१७ला तो नियम स्थगित झाला, पण सवय राहिली. नोंदणी नसलेल्याकडून शंभर रुपयांचा माल घेतला तर क्रेडिट शून्य. नोंदणी असलेल्याकडून ११८ला घेतला तर १८ वळते. पण पहिल्याच्या शंभरात त्याने लोखंडावर, रंगावर दिलेला कर लपलेला आहे आणि दुसऱ्याच्या शंभरात नाही. म्हणून खाणीला, वीज केंद्राला किंवा सिमेंट कारखान्याला सुटे भाग, जाळ्या, पॅकिंगचं सामान पुरवायचं असेल तर ४० लाखांची सूट फक्त कायद्याच्या पुस्तकात राहते. नोंदणी पहिल्याच ऑर्डरला घ्यावी लागते. २०२२च्या जानेवारीपासून तर पुरवठादाराने आपलं बिल पोर्टलवर चढवल्याशिवाय खरेदीदाराला क्रेडिटच मिळत नाही. एका महिन्याचं विवरणपत्र राहिलं की पुढच्या महिन्यात फोन येतो तो कर खात्याचा नव्हे, गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागाचा.

या जिल्ह्यांत हा कर खऱ्या अर्थाने पाहायचा असेल तर विटा पाहाव्यात. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोळसा जाळला की राख उरते, आणि भारतीय कोळशात राखेचं प्रमाण जास्त. केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९मध्येच या राखेचा बांधकामात वापर सक्तीचा करणारी अधिसूचना काढली. पुढे ती वेळोवेळी कडक झाली आणि ३१ डिसेंबर २०२१च्या नव्या अधिसूचनेने राख न उचलणाऱ्या केंद्रांवर दंडाची तरतूद आली. राख, चुरी, चुना किंवा सिमेंट, पाणी आणि एक हायड्रॉलिक प्रेस एवढ्यावर राखेच्या विटांचा कारखाना उभा राहतो. प्रदूषण कमी करणारा, सुपीक माती वाचवणारा, थोड्या भांडवलावर चालणारा. सरकारला हवा तसाच लघुउद्योग.

मग सप्टेंबर २०२१मध्ये लखनौला जीएसटी परिषदेची ४५वी बैठक झाली आणि विटांसाठी वेगळी योजना ठरली. १ एप्रिल २०२२पासून विटा आणि कवेलू बनवणाऱ्यांसाठी कंपोझिशन बंद. नोंदणीची मर्यादा ४० लाखांवरून परत २० लाख. आणि दोन पर्याय: क्रेडिट घेऊन १२ टक्के, किंवा क्रेडिट न घेता ६ टक्के. मातीच्या वीटभट्ट्यांतली करचोरी आवरणं हा यामागचा हेतू होता; भट्टीतून किती विटा निघाल्या हे मोजणं कठीण, हे खरंच. पण राखेची वीटही त्याच यादीत बसवली गेली. ३१ मार्चपर्यंत १ टक्का भरणारा कारखानदार दुसऱ्या दिवशी किमान ६ टक्क्यांवर आला.

सहा घ्यायचे की बारा? सहा अर्थातच कमी, असं वाटेल. एक काल्पनिक पण शक्य वाटणारा महिना घेऊ. विटांची किंमत करापूर्वी ५ लाख. सिमेंट १ लाखाचं, त्यावर २८ टक्के म्हणजे २८,००० कर. राख, चुरी, चुना मिळून ६०,०००, त्यावर ५ टक्के म्हणजे ३,०००. दुरुस्ती वगैरे २०,०००, त्यावर १८ टक्के म्हणजे ३,६००. खरेदीवर एकूण ३४,६०० कर गेला.

बारा टक्क्यांच्या वाटेने गेल्यास हे ३४,६०० वळते होतात. घर बांधणाऱ्याला बिल ५ लाख अधिक ६०,०००, म्हणजे ५ लाख ६० हजार. सहाच्या वाटेने ते ३४,६०० खर्चात पडतात. तेवढाच नफा ठेवायचा तर विटांची किंमत ५,३४,६०० धरावी लागते, आणि त्यावर ६ टक्के. बिल ५,६६,६७६. म्हणजे निम्म्या दराचा पर्याय महाग! कारण सिमेंटवरचा २८ टक्के कर. गंमत अशी की ते सिमेंट बाहेरून येत नाही. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुस ही सिमेंटची गावं याच जिल्ह्यातली.

२२ सप्टेंबर २०२५ला दरांची मोठी फेररचना झाली आणि सिमेंट २८वरून १८वर आलं. १२ टक्क्यांचा टप्पा बाकी वस्तूंसाठी जवळजवळ मोडीत निघाला, पण विटांची ही वेगळी योजना तशीच ठेवली. वाळू आणि चुन्याच्या विटा तेवढ्या ५ टक्क्यांत गेल्या. आता वरचाच महिना पुन्हा मांडला तर खरेदीवरचा कर २४,६०० होतो. बाराच्या वाटेने बिल तेच, ५ लाख ६० हजार. सहाच्या वाटेने ५,२४,६०० अधिक ६ टक्के, म्हणजे ५,५६,०७६. उत्तर उलटं झालं. विटेचा दर कुणी बदलला नाही, तरी सिमेंटच्या दराने विटेचा हिशेब फिरवला.

आणि हे झालं घरकुल बांधणाऱ्या गिऱ्हाइकाचं, ज्याला क्रेडिट मिळत नाही. तोच माल सरकारी इमारतीच्या ठेकेदाराला गेला तर चित्र पुन्हा वेगळं. तो बिलातला सगळा कर वळता करतो, त्याला महत्त्वाची वाटते करापूर्वीची किंमत: बाराच्या वाटेवर ५ लाख, सहाच्या वाटेवर ५,२४,६००. म्हणून ठेकेदाराला विकणाऱ्याने बारा घ्यावेत आणि गावात घरोघरी विकणाऱ्याने आता सहा. दोघांनाही विकणाऱ्याने काय करावं? त्याने यंदा कोण जास्त घेईल याचा अंदाज बांधावा. करकायद्याने कारखानदाराला ज्योतिषी केलं आहे.

विटांचा प्रश्न चंद्रपूरच्या बाजूचा. दक्षिण गडचिरोलीचा वेगळा, आणि तो नकाशाकडे पाहूनच समजतो. सिरोंचा तालुक्याचं ठिकाण गडचिरोली शहरापासून दोनशे किलोमीटरांच्या आसपास. समोर प्राणहिता आणि गोदावरीचा संगम, आणि नदीपलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम, मध्ये पूल. इथल्या माणसाचा बाजार, दवाखाना, लग्नसंबंध अर्धे नदीपलीकडचे. उत्तरेला कोरची, कुरखेडा, धानोरा यांचा शेजार छत्तीसगडचा. चंद्रपूरच्या राजुरा, जिवती, गोंडपिपरी तालुक्यांना तेलंगणाची शीव. जिवतीतल्या चौदा गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथे कुणी कारखाना काढलाच तर त्याच्या बिलावर कोणत्या राज्याचा कोड घालायचा यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल.

जीएसटी कायद्याच्या २४व्या कलमानुसार करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, उलाढाल कितीही असो. ४० लाखांची सूट राज्याच्या सीमेवर संपते. सिरोंच्यात लोखंडी ग्रिल आणि दरवाजे बनवणाऱ्या वेल्डरची कल्पना करा. वर्षाला बारा लाखांचं काम. सगळं तालुक्यात विकलं तर नोंदणी नको. पण पुलापलीकडच्या एका घराला एक दरवाजा विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी, आणि नोंदणी झाली की गावातल्या शेजाऱ्याला विकलेल्या दरवाजावरही १८ टक्के. कंपोझिशन घेऊन वाचता येत नाही, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकायला बंदी. पुण्याजवळच्या चाकणमधल्या तशाच वेल्डरला ही अडचण आयुष्यात येणार नाही; त्याच्याभोवती शंभर किलोमीटर महाराष्ट्रच आहे.

आणखी खटकणारी गोष्ट म्हणजे सेवांना ही अट नाही. १३ ऑक्टोबर २०१७पासून राज्याबाहेर २० लाखांपर्यंतची सेवा नोंदणीशिवाय देता येते. नागपूरचा सल्लागार हैदराबादच्या कंपनीला बसल्या जागी सल्ला देऊ शकतो, सिरोंच्याचा कारागीर नजरेच्या टप्प्यातल्या गावाला दरवाजा विकू शकत नाही. याला मी तरी कोणतंही पटणारं कारण ऐकलेलं नाही. मालाबाबत एक खिडकी उघडली ती हस्तकलेसाठी. सप्टेंबर २०१७मध्ये ठरलेल्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तू मर्यादेच्या आत राहून राज्याबाहेर विकता येतात, मात्र पॅन हवा आणि माल कितीही किमतीचा असो, वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं ई-वे बिल हवं. एरवी राज्याबाहेर जाताना ई-वे बिल ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला लागतं. पाच टोपल्या घेऊन निघालेल्या बुरडाने आधी मोबाइलला रेंज शोधायची. ऑनलाइन विक्रीचंही असंच: १ ऑक्टोबर २०२३पासून नोंदणीशिवाय ई-कॉमर्सवर विकता येतं, पण राज्याच्या आतच. आणि या भागातल्या बांबूच्या वस्तूंचा ऑनलाइन ग्राहक बहुतेकदा बंगळुरूला किंवा दिल्लीला.

सीमेची आणखी एक बाजू आहे, ती सरकारी प्रोत्साहनाची. जीएसटी हा माल जिथे वापरला जातो त्या राज्याचा कर. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना मागास भागातल्या उद्योगांना एसजीएसटीच्या, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याच्या, परताव्याच्या रूपात मदत देते, आणि नक्षलग्रस्त भाग, उद्योग नसलेला जिल्हा अशा गटांना झुकतं माप. पण हिशेबात धरली जाते ती महाराष्ट्रातली विक्री. ज्याचा नैसर्गिक बाजार तेलंगणात आहे, त्याला मागासपणाचं बक्षीस मिळवण्यासाठी माल नागपूरकडे पाठवावा लागतो.

पैशाच्या वेळेचा प्रश्न सगळ्या लहान उद्योगांचा आहे, म्हणून थोडक्यात. कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. मार्चमध्ये माल दिला, पैसे जुलैत आले, तरी कर एप्रिलच्या २० तारखेला भरायचा. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज, शिवाय दिवसाला दंड. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला २०२१पासून तिमाही विवरणपत्राची सोय आहे, पण पैसे दर महिन्यालाच. दुसरीकडे २००६चा लघुउद्योग विकास कायदा म्हणतो की खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. प्राप्तिकर कायद्यातही तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही. कागदावर लहान माणूस भक्कम आहे. व्यवहारात एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला व्याजाचं बिल पाठवणारा कारखानदार पुढच्या वर्षी ऑर्डरच्या यादीत दिसत नाही. त्यामुळे सरकारचं १८ टक्के व्याज खरं आणि गिऱ्हाइकाकडून येणारं तिप्पट व्याज पुस्तकातलं.

शेवटी बांबू. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिथल्या ग्रामसभेला बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक दिलं. तिथून ग्रामसभांनी बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. २०१४मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आलं. जीएसटी आला त्याच वर्षी, २०१७मध्ये, वनकायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' राहिला नाही, त्याच्या तोडीची परवानगी सुटली. कच्चा बांबू विकण्याऐवजी इथेच खुर्ची, टेबल, पलंग बनवावेत, ही कल्पना आता अनेकांच्या बोलण्यात असते, आणि ती बरोबरही आहे.

संपूर्ण बांबूच्या फर्निचरवर १२ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५मध्ये तो ५ झाला. गिऱ्हाइकासाठी चांगली बातमी, आणि प्लास्टिकच्या खुर्चीशी स्पर्धा करणाऱ्याला तर हवीच होती. आता कारखान्याच्या आत जाऊन पाहू. महिन्याला ४ लाखांची विक्री. कच्चा बांबू, स्क्रू, वॉर्निश, प्रक्रियेची रसायनं यांवर दिलेला कर १४,००० धरू. नवी यंत्रं, म्हणजे बांबू चिरायचं, रंधायचं आणि कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करायचं सगळं, २० लाखांची. त्यांवर १८ टक्के, ३ लाख ६० हजार. जुन्या दराने विक्रीवरचा कर ४८,०००, त्यातून १४,००० वजा, उरलेले ३४,००० यंत्रांच्या क्रेडिटमधून फेडायचे. साधारण अकरा महिन्यांत यंत्रांवरचा कर वसूल. नव्या दराने विक्रीवरचा कर २०,०००, वजा १४,०००, उरले ६,०००. तीच वसुली आता साठ महिन्यांची. गिऱ्हाइकाचा दर घटला आणि यंत्राचा कर पाच वर्षं अडकला.

खरेदीवरचा दर जास्त आणि विक्रीवरचा कमी असेल तर परतावा मागता येतो, आणि आता अशा अर्जांवर ९० टक्के रक्कम आधी हंगामी द्यायचं धोरणही ठरलं आहे. पण त्या परताव्याच्या सूत्रात कच्चा माल धरतात. यंत्रं धरत नाहीत आणि सेवाही धरत नाहीत. सेवा वगळण्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं होतं. सप्टेंबर २०२१मध्ये 'व्हीकेसी फुटस्टेप्स' खटल्यात न्यायालयाने सूत्र कायम ठेवलं. त्यातल्या विसंगतींकडे परिषदेने पाहावं, एवढं सुचवलं. मग यंत्रांवरचे ते ३ लाख ६० हजार आणायचे कुठून? कर्ज देताना बँक सहसा यंत्राची किंमत जीएसटी वगळून धरते, कारण तो कर कागदोपत्री परत मिळणारा असतो. त्यामुळे प्रकल्प अहवालात ती रक्कम खर्च म्हणून येत नाही, कर्जात बसत नाही, अनुदानातही धरली जात नाही, आणि यंत्र उतरवून घ्यायच्या दिवशी कारखानदाराला ती रोख द्यावी लागते.